टेकू लावलेला दोर

नदीकाठच्या एका गावात दोर वळणारं एक घर होतं आणि त्या घराचा कर्ता होता सटवाजी. विहिरीचा दोर असो, बैलाचा कासरा असो की नाव बांधायचा जाड सोल असो, आसपासच्या दहा गावांतले लोक त्याच्याच अंगणातून नेत. त्याचा दोर ऐन वेळी तुटला असं कुणी ऐकलं नव्हतं. याचं थोडं श्रेय त्याच्या हातांना होतं आणि बरंचसं त्याच्या एका सवयीला.

तपासल्याशिवाय तो दोर विकत नसे. अंगणातल्या कडुनिंबाच्या आडव्या फांदीला नवा दोर बांधायचा आणि खाली धोंडा लटकवायचा. आधी लहान धोंडा. तो पेलला की त्याहून मोठा. दोराला पुढे जेवढं ओझं उचलायचं असेल तेवढं त्याने इथे उचलून दाखवलं, की मगच तो गिऱ्हाइकाच्या हाती. मधेच एखादा तुटला तर सटवाजी कपाळाला हात लावत नसे.

"तुटायचा आसंल तर हितं अंगणात तुटू दे," तो म्हणे. "हिरीत नगं."

लहानपणी त्याने विहिरीत पडलेला माणूस पाहिला होता. तुटलेला दोर त्याच्याच घरचा होता. तो माणूस वाचला, पण पुढे कधी सरळ चालला नाही.

सटवाजीची थोरली मुलगी हौसा दहा वर्षांची असतानाची गोष्ट. फांदीला एक दोर लावला होता आणि त्याचे पीळ करकरत होते. पोरीला दोराची दया आली. तिने धोंड्याखाली हळूच एक लाकडी टेकू सरकवला. दोर काही तुटला नाही. ती टाळ्या पिटत बापाला बोलवायला गेली. सटवाजीने येऊन पाहिलं आणि टेकू उचलून कुंपणाबाहेर भिरकावला.

"टेकू लावून तपासला त्यो न तपासल्यावानीच," तो म्हणाला. "असला दोर लई वंगाळ. त्येला वाटतं आपल्यात जोर हाय. आन आपल्यालाबी तसंच वाटतं."

हे बोलणं पोरीच्या डोक्यात पक्कं बसलं. बोलणारा मात्र पुढे विसरून गेला.

तर दोराच्या बाबतीत असा चोख असलेला हा माणूस दर बुधवारी सकाळी अगदी गळून जायचा. बुधवार हा गावच्या बाजाराचा दिवस. हौसा आणि तिचा धाकटा भाऊ म्हादू आंघोळ करून, तेल लावून, दारात येऊन उभी राहायची. त्यांना बाजाराचे पैसे हवे असायचे. किती द्यावेत, हे सटवाजीला कळत नसे. कमी दिले तर पोरं दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतील. जास्त दिले तर बिघडतील. त्याचा हात कनवटीला जायचा, बाहेर यायचा, पुन्हा जायचा. तोवर म्हादूचे तेल लावलेले केस वाळून जायचे.

त्याने चार लोकांना विचारलं. वाणी म्हणाला, "एक पैसा देऊ नका. पैशाची चव लागली की पोर हाताबाहेर गेलं म्हणून समजा." सटवाजीला पटलं. त्या बुधवारी म्हादू जिलबीच्या कढईसमोर इतका वेळ उभा राहिला, की शेवटी एका परक्या बाईने त्याला जिलबी घेऊन दिली. सटवाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग कासार म्हणाला, "हात आखडू नका. मन मारलेलं पोर चोरी शिकतं." हेही पटलं. म्हादूला आठ आणे मिळाले आणि पुढचे दोन दिवस तो पोट धरून लोळत होता. शाळेचे गुरुजी म्हणाले, वयाप्रमाणे द्या. शेजारी म्हणाला, कामाप्रमाणे द्या. सटवाजी ज्याचं ऐकायचा त्याचं त्याला पटायचं. असं बरेच बुधवार चाललं.

शेवटी त्याची बायको येसूबाई कंटाळली. "हौसाला दोन आणे, म्हादूला एक," ती म्हणाली. "संपले तर संपले. म्होरल्या बुधवारपतुर न्हाईत."

ठरलं एकदाचं. खरं म्हणजे गोष्ट इथे संपायला हवी होती. पण सटवाजीचा जीव थाऱ्यावर राहीना. पोरगी फसली तर? पैसे हरवले तर? तिला एखादी वस्तू हवीशी वाटली, आणि दोन आण्यांत ती आलीच नाही, तर? तिचा उतरलेला चेहरा त्याला आधीच दिसायला लागायचा. मग त्याने एक युक्ती केली. बुधवारी पोरं घराबाहेर पडली की हाही डोक्यावर उपरणं घेऊन मागोमाग निघायचा. पोत्यांच्या थप्पीआड, बैलांच्या आड उभा राहायचा. आणि प्रत्येक दुकानदाराला त्याने आधीच गाठून ठेवलं होतं. "पोरगी मागंल त्या भावाला द्या. वरचे पैसे मी देतो. तिला मातर कळू देऊ नका."

दुकानदारांचं काय जात होतं? हौसा तीन आण्यांच्या बांगड्या दोन आण्यांत मागायची, कासार डोळे मिचकावत द्यायचा. चार आण्यांची ओढणी ती दोन आण्यांत घरी आणायची. तीन वर्षं हे असंच चाललं. हौसा सोळा वर्षांची झाली आणि आपल्यासारखी घासाघीस गावात कुणाला जमत नाही, अशी तिची पक्की समजूत झाली. तिच्या मैत्रिणी तिलाच घेऊन बाजारात जायच्या. सटवाजी पोत्यांआड उभा राहून हे बघायचा आणि कौतुकाने त्याचे डोळे भरून यायचे.

मग एके दिवशी अंगणात एक सोल तुटला. नेहमीसारखाच तुटला, पण या खेपेला धोंडा घरंगळला तो नेमका सटवाजीच्या पायावर. हाडवैद्याने काठ्या बांधल्या आणि दोन महिने पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं.

आता खरी पंचाईत उभी राहिली. दोर होतो अंबाडीच्या सालीपासून काढलेल्या धाग्याचा. त्याला वाख म्हणतात. या वाखाचा मोठा बाजार नदीपलीकडच्या गावी वर्षातून एकदाच भरे आणि तो एका महिन्यावर आला होता. वर्षाचा वाख तिथूनच आणायचा. नाही आणला तर वर्षभर अंगण रिकामं, आणि अंगण रिकामं म्हणजे चूल थंड. येसूबाईचे दिवस भरत आले होते, तिला गाडीत बसवणं शक्य नव्हतं. गावात वाखाची पारख दुसऱ्या कुणाला नव्हती. ती होती फक्त हौसाला. धागा चिमटीत धरून, लांबवून तो कुठल्या जमिनीतला हे ती सांगू शकायची.

"मी जाते की," हौसा म्हणाली. "भागाआत्या येईल संगतीला. तुमी कशाला भ्या करता, आबा? मला कधी कुणी एका पैशाला फसवलंय का?"

चाळीस रुपये घेऊन ती जाणार होती. तिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं. तिने अर्ध्या भावात मागितलं की तिथले व्यापारी हसतील. मग ती गोंधळेल. मग कुणीतरी गोड बोलून तिच्या गळ्यात भलतंच काहीतरी मारेल. आणि पोत्यांआड कुणी नसेल. हे सगळं तिला सांगून टाकावं असं त्याला दिवसातून दहा वेळा वाटलं. तिची मान ताठ बघून तो दहाही वेळा गप्प बसला.

त्याला सांगावंच लागलं नाही. पुढच्या बुधवारी हौसा मैत्रिणींबरोबर कासाराकडे गेली आणि हिरव्या बांगड्यांचा भाव करून दोन आणे पुढे केले. कासार भला माणूस होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

"न्हे की," तो म्हणाला. "वरचा आणा आबाकडून घेईन नंतर. पाय कसा हाय त्यांचा?"

"वरचा कसला आणा?" हौसाने विचारलं.

कासाराने जीभ चावली, पण उशीर झाला होता. एक मैत्रीण खुदकन हसली. मग दुसरी हसली. हौसाने बांगड्या खाली ठेवल्या. ती तिथून ओढणीवाल्याकडे गेली, तिथून फणीवाल्याकडे गेली, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत अख्खा बाजार फिरली. घरी आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आबा," ती म्हणाली, "ह्या तीन वर्सांत मी एक तरी वस्तू माझ्या जिवावर आनली का?"

सटवाजीने नकारार्थी मान हलवली.

"टेकू लावून तपासला त्यो..." तिने सुरुवात केली आणि वाक्य अर्धंच सोडलं. मग ती म्हणाली, "मी न्हाई जानार वाखाच्या बाजाराला. मला काय बी येत न्हाई."

सटवाजीला आपण काय केलं ते तेव्हा कळलं. उभ्या आयुष्यात त्याने टेकू लावलेला एकही दोर विकला नव्हता. आणि पोरगी मात्र टेकूवर वाढवली होती.

"माझंच चुकलं, पोरी," तो म्हणाला. "मला भ्या वाटत हुतं."

"कशाचं?"

"तू फसशील. लोक हसतील तुला."

"मंग आज हसलेच की," हौसा म्हणाली.

सटवाजीने कनवटीतून दोन आणे काढून तिच्यासमोर ठेवले.

"अजून तीन बुधवार हायत," तो म्हणाला. "धोंडा लहान हाय. तुटंल तर हितंच तुटंल. मी मधी पडनार न्हाई."

"खरंच न्हाई?"

"ह्या पायानं कुटं जातोय?" सटवाजी म्हणाला. दोघांनाही थोडं हसू आलं. पण पाय मोडला म्हणून घरी बसणं वेगळं आणि मनाने घरी बसणं वेगळं. ते त्याला पुढच्याच बुधवारी कळलं.

त्या बुधवारी हौसा वेणीला लावायचा रेशमी गोंडा आणायला गेली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचं लग्न होतं आणि गोंड्यावर तिचं फार मन होतं. फेरीवाल्याने तिला गर्द लाल गोंडा दाखवला, भाव ठरला, त्याने पुडी बांधून दिली. घरी येऊन पुडी सोडली तर आत दुसराच गोंडा निघाला. फिका, कसर लागलेला. हौसा धावत परत गेली. फेरीवाला म्हणाला, "मी हाच दिला हुता." दोन आणे गेले ते गेलेच.

ती भिंतीकडे तोंड करून बसली. रडली नाही, आणि तेच सटवाजीला बघवेना. कनवटीला पुरेसे पैसे होते. दोन आणे, अहो फक्त दोन आणे! तेवढे दिले असते तर पोरगी हसत लग्नाला गेली असती. त्याचा हात कनवटीला गेला. चुलीपाशी येसूबाई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. सटवाजीच्या कपाळावर घाम आला. दिवसभर दोर वळतानाही त्याला असा घाम येत नसे. शेवटी त्याने हात काढून घेतला आणि तो मांडीखाली दाबून बसला. हौसा दुसऱ्या दिवशी गोंडा न लावताच लग्नाला गेली.

दुसऱ्या बुधवारी ती गेली आणि दोन्ही आणे मुठीत घेऊन रिकाम्या हाताने परत आली. सटवाजीचा जीव आणखीच खाली-वर झाला. पोरगी घाबरली. आता ही कधी काही विकत घेणारच नाही. एका धोंड्याने दोराचा पीळच सुटला.

"कायच घेतलं न्हाईस?" त्याने भीत भीत विचारलं.

"गोंडेवाल्याच्या म्होरं उभी ऱ्हायले," हौसा म्हणाली. "सारा बाजारभर. काही बाया पैसं आदी देतात आन पुडी घरी जाऊन सोडतात. काही बाया पुडी तितंच सोडून बघतात, मंग पैसं देतात. त्यांना त्यो चांगला माल देतो."

तिसऱ्या बुधवारी तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "चार आणे द्या."

"चार का?"

"दोन पेलले."

पैसे किती द्यावेत हे त्याने वाण्याला विचारलं होतं, कासाराला, गुरुजींना, शेजाऱ्याला विचारलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला खरं उत्तर मिळालं, आणि तेही ज्याने ओझं उचलायचं होतं त्याच्याकडून. त्याने मुकाट्याने चार आणे दिले. हौसा संध्याकाळी गोंडा घेऊन आली. दुकानातच सोडून पाहिलेला, चांगला लाल. घासाघीस करून तिने अर्धा आणा वाचवला होता. तीन वर्षं ती अर्ध्या किमतीत वस्तू आणत होती आणि आता अर्ध्या आण्यावर आली होती. पण हा अर्धा आणा तिचा स्वतःचा होता. तो तिने घरातल्या प्रत्येकाला दाखवला.

मग वाखाच्या बाजाराचा दिवस आला. हौसा कमरेला चाळीस रुपये बांधून भागाआत्याशेजारी गाडीत बसली. भागाआत्या ही सटवाजीची बहीण. तिला वाखातलं ओ की ठो कळत नव्हतं. गाडी वळणाआड गेली आणि सटवाजीची अन्नावरची वासना उडाली. जायला एक दिवस, बाजाराचा एक, यायला एक. तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी यायला हवी होती. आली नाही. चौथ्या दिवशी सकाळी तो एका पायावर, काठी टेकत कुंपणापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. वाटेवर धूळ दिसली की तो मान उंचावून बघायचा. कधी गुरं निघायची, कधी परकी गाडी. तीन बुधवार फार थोडे झाले, असं त्याला वाटायला लागलं. एक महिना आधी सांगायला हवं होतं. एक वर्ष आधी. मुळात पोत्यांआड उभंच राहायला नको होतं.

दुपार कलली तेव्हा गाडी आली. तिच्यावर वाखाचे गठ्ठे होते आणि गठ्ठ्यांवर हौसा बसली होती.

सटवाजीने पहिला गठ्ठा सोडला. आत खोल हात घातला. कोरडा, लांब, पिवळसर वाख. दुसरा सोडला. तोही तसाच. मागच्या वर्षीपेक्षा दोन गठ्ठे कमी होते, कारण भाव चढला होता.

"पैला व्यापारी लई गोड बोलला," हौसा म्हणाली. "गठ्ठा वरून झकास हुता. मी म्हटलं, सोडा. त्यो म्हनाला, गठ्ठा कुणी सोडत न्हाई. मंग मला गोंडा आटवला. मी सुतळी कापली तर आतला समदा वाख भिजवलेला. वजनाला. म्हनून दुसरे बघितले, त्यात एक दीस जास्त गेला."

"आन कुटं फसली न्हाईस?"

हौसाने मान खाली घातली. "फसले. गठ्ठे चढवनाऱ्या हमालानं मजुरी जास्त घेतली."

"किती जास्त?" सटवाजीने विचारलं.

"दोन आणे."

सटवाजी हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि या खेपेला ते पुसायला त्याला कुणाच्या आड जावं लागलं नाही.

पुढे येसूबाईला मुलगी झाली आणि सटवाजीच्या पायाच्या काठ्या सुटल्या. वैद्य म्हणाला, आता हवं तिकडे चाला. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. म्हादू तेल लावून दारात उभा राहिला. सटवाजीने त्याला एक आणा दिला. पोरगं उड्या मारत वळणाआड गेलं. मागचा आणा त्याने भोवऱ्यावर घालवला होता आणि तो भोवरा पहिल्याच फेकीला फुटला होता.

सटवाजीने खुंटीवरचं उपरणं काढलं. कुंपणापर्यंत गेला. पाय अगदी ठणठणीत होता. बाजारातला गलका इथवर ऐकू येत होता. तो बराच वेळ कुंपणाला धरून उभा राहिला. मग मागे वळला, उपरणं खुंटीला अडकवलं, आणि कडुनिंबाला नवा दोर बांधून त्याने खाली लहानसा धोंडा लटकवला.

तात्पर्य: मुलांच्या हाती तेवढेच पैसे द्यावेत, जेवढे बुडाले तर त्यांना चटका बसेल पण घर बुडणार नाही. ते पेलले की थोडे वाढवावेत. आणि ते बुडताना दिसले तरी आपला हात आपल्या मांडीखाली ठेवावा.